अक्काच्या वारुळाला लाल झेंडी

सात्यांची जागा दुसऱ्या दिवशी नेमकी सापडावी म्हणून मी तिथल्या मोहाच्या झाडाला लाल झेंडी बांधली.

यात चूक काय झाली, असं ज्यांना वाटलं ते माझ्यासारखेच शहरातले असणार, आणि हा लेख त्यांच्यासाठीच आहे. ज्यांनी पहिलं वाक्य वाचून कपाळावर हात मारला ते माझ्या सासुरवाडीकडचे. त्यांनी पुढं नाही वाचलं तरी चालेल. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट मी नागपूरला परतायच्या आधीच पोचली होती.

सात्या म्हणजे रानातल्या खायच्या छत्र्या. पावसाळा उतरणीला लागला, की वारुळांच्या अंगाखांद्यावर उगवतात. वर टोकदार टोपी, खाली पांढरी दांडी, आणि ती दांडी जमिनीत इतकी खोल गेलेली, की उपटणाऱ्याला वाटावं पलीकडून कुणी तरी धरून बसलं आहे. एका वारुळावर यंदा आल्या तर पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा तिथंच येतात. म्हणून सगळी किंमत जागेला. सात्या शेजारीण देईल, वाटीभर भाजीही देईल, पण जागा सांगणार नाही. जागा आई लेकीला सांगते. तीही लेकीचं सासर जवळपास असेल तर.

आता माझी बाजू. मी मालगाडीचा गार्ड. आमच्या नोकरीत लाल कापड दिसलं की मागचंपुढचं सगळं जागच्या जागी थांबतं. जुनी, रंग उडालेली एक झेंडी मी घाम पुसायला पिशवीत ठेवतो, रजेवर असलो तरी. तेव्हा माझा हिशेब सरळ होता: झेंडीमुळं जागा सापडेल आणि लाल पाहून कोणी पुढंही जाणार नाही. लाल रंग फक्त रेल्वेच्या लोकांनाच थांबवतो, बाकीच्यांना तो बोलावतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं.

अजनी

आमच्या रेल्वे क्वार्टरात त्या दिवसांत कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शोभा, आमची एकुलती एक, पहिलटकरीण म्हणून अमरावतीहून माहेरी आली होती आणि तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भात नको, वरण नको, फोडणीचा वास आला तरी मोरीकडं धाव. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. धंतोलीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिला जे खावंसं वाटेल ते द्या. सोमवारपर्यंत काही टिकलं नाही तर दवाखान्यात ठेवून घेईन."

खावंसं काय वाटतं, हे विचारून विचारून आम्ही थकलो होतो. एका सकाळी तीच म्हणाली, "सात्या. मावशीकडच्या."

लहानपणी गोवर निघाल्यावर हवापालटासाठी ती मावशीकडं राहिली होती, तेव्हा खाल्लेल्या. चव इतकी वर्षं कुठं दडून बसली होती कोण जाणे. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "ओळखणाऱ्या माणसानं तोडल्या असतील तरच." मग मी कॉटन मार्केट पालथं घातलं, इतवारी पालथी घातली. पोळ्यानंतरच्या मारबतींच्या मिरवणुका निघून गेल्या, गणपती गेले, पितरपाट, म्हणजे पितृपक्ष, लागला. टोपलीवाल्या बायका हसल्या. "सात्या आता कुठी जी? सरल्या."

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या घरात सात्या कधी शिजल्या नाहीत. माझी आई त्यांना सरसकट कुत्र्याच्या छत्र्या म्हणायची आणि असलं काही चुलीपाशी येऊ देत नसे. लग्नानंतर बायकोनं एकदाच माहेरून आणल्या, तेव्हा तिला मागच्या अंगणात शेगडी पेटवून द्यावी लागली होती. आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण नियम राहून गेला, जसं एखाद्या बंद पडलेल्या फाटकावर पाटी राहून जाते. सासुरवाडीला सात्यांच्या दिवसांत मी कधी गेलोच, तर "मला चालत नाही" म्हणून ताट पुढं सरकवत असे. का चालत नाही हे मात्र मला कोणी विचारलं नाही. जावयाला विचारत नसतात.

बायकोनं मुलीपाशी थांबायचं आणि मी जायचं ठरलं. निघताना ती म्हणाली, "अक्का सांगेल तेवढंच करा. आपल्या मनानं काही करू नका." हे वाक्य तिनं दारात एकदा आणि फाटकाशी पुन्हा म्हटलं.

मनसरच्या पुढं, डावीकडं

गावाचं नाव या लेखात सापडणार नाही. आधीच जितकं सांगून बसलो तितकं पुष्कळ झालं. एवढंच लिहितो, की मनसर मागं पडतं, मँगनीजच्या खाणींचे काळे ढिगारे मागं पडतात, एसटी एका पुलाशी उतरवते आणि मग धानाच्या बांध्यांमधून चालत जावं लागतं. धान पोटरीत आलेलं होतं. त्याला एक कोवळा, दुधाचा वास येतो. समोर सातपुड्याच्या कडेच्या टेकड्या, सागाला तुरे आलेले. अशा वाटेनं चालताना माणसाला आपण चांगले आहोत असं उगीच वाटू लागतं.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दोन बांध्या आणि एक गोऱ्हा यांच्या जिवावर माहेरच्याच गावात एकटी राहते. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, आणि मग विचारलं, "शोभी कशी हाये?"

मी सांगितलं. "सात्या सरल्या म्हणतात," मी म्हणालो.

"सरल्या असतीन बाजारातल्या," अक्का म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

आमच्या शहरात जावई आला की त्याच्या हातात वर्तमानपत्र देतात आणि टेबलफॅन त्याच्याकडं वळवतात. तिकडं जावई म्हणजे देव्हाऱ्यातला टाक: धुवायचा, पुसायचा, नैवेद्य दाखवायचा आणि त्याच्याकडून कसल्याही कामाची आशा ठेवायची नाही. भात, अंबाडीची भाजी, पाटवडीचा लाल रस्सा, वर तेलाची धार. पुरे म्हणण्याचा हक्क मला नव्हता.

जावयाला रागावायचं नाही, हाही तिथला कायदा. पण राग तर येतोच. त्यासाठी अक्काच्या अंगणात गोऱ्हा बांधलेला आहे. जेवण झाल्यावर मी पायात चपला घालून तसाच चुलीपाशी काडीपेटी आणायला गेलो. अक्का मला काही बोलली नाही. ती दारात उभी राहून गोऱ्ह्याला म्हणाली, "काहून रे, पायताण घालून चुलीपाशी येते का कोणी? काही वळन हाये का तुले?"

गोऱ्ह्याच्या पायात काही नव्हतं. मी चपला काढल्या.

मोहाखालचं वारूळ

दुपार कलल्यावर निघालो. अक्कापाशी एक टोपली आणि एक बोथट काडी. माझ्यापाशी माझी पिशवी. गावातून जाताना ती नाल्याच्या बाजूला वळली, मग उगीच उलट बाजूला, मग एका पडक्या विहिरीला वळसा घातला.

"लांबून जातोय का आपण?" मी विचारलं.

"हाव जी. लोकं पाहून राहिले."

रानात शिरलो तसा उजेड हिरवा झाला. पानं कुजल्याचा गोडसर वास, ओल्या मातीत बसणारी पावलं. मला पहिल्या काही मिनिटांतच पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचा एक थवा दिसला. मी ओरडलोच, "अक्का, त्या बघा!" आणि बोट केलं.

अक्कानं चटकन पुढं होऊन माझं बोट आपल्या मुठीत झाकलं. जावयाच्या हाताला हात लावल्याचं तिच्या लक्षात आलं, तशी तिनं तो सोडला. "बोट नाही दाखवत जी. मिटून जातात. दाखवाचं असन तं अशी मूठ करून दाखवा."

मी मूठ करून दाखवल्या.

"त्या कुत्र्याच्या छत्र्या," ती म्हणाली. "तुमच्या साहेबाले न्या."

"खायच्या कोणत्या आणि न खायच्या कोणत्या, हे ओळखायचं कसं?" मला वाटलं आता रंग, गंध, रेषा असं काही ऐकायला मिळेल.

"माह्या आईनं खाल्ल्या थ्या खाच्या. नाही खाल्ल्या थ्या नाही खाच्या."

याहून जास्त खात्रीचं उत्तर मला नंतरही कोणी दिलं नाही, आणि वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, अशी आई किंवा अशी अक्का सोबत नसेल तर रानातल्या छत्रीला हात लावू नका.

नाल्याच्या वळणावर, एका वाकलेल्या मोहाखाली वारूळ होतं. कमरेएवढं, तांबूस. अक्का वाकली आणि पाचोळा हलक्या हातानं बाजूला केला. आधी मला काहीच दिसलं नाही. मग दिसू लागलं, आणि दिसायचं थांबेना. जमिनीतून नुकती वर आलेली, राखाडी, टोकदार डोकी; एखाद्या कोंबडीच्या पोटाखालून पिलांनी चोची बाहेर काढाव्या तशी. चारी बाजूंनी.

"आईनं मले दाखवलं तवा मी शोभीएवढी होती," अक्का म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "आईच्या मांगं फक्त माहा पाय पडला इथं. आन् आता तुमचा." तिनं पदर खोचला. "पोरीच्या पोटाचं काम हाये म्हणून आणलं तुमाले."

मी तोडायला वाकलो. तिनं मान हलवली. अजून मिटलेल्या होत्या. रात्रभरात फुलतील, उद्या उन्हं यायच्या आत काढायच्या. एकदा फुलल्या की दुसऱ्या दिवशी त्यांत किडे. तिनं पळसाची पानं तोडून एकेका घोळक्यावर अलगद पांघरली, जसं झोपलेल्या लेकराला पांघरावं, आणि हात धुवायला नाल्यावर उतरली.

मी एकटा उरलो. चहूकडं पाहिलं. सगळीकडं मोह, सगळीकडं पळस, सगळीकडं पाचोळा. मनात आलं, उद्या अंधुक उजेडात ही जागा सापडली नाही तर? सोमवार जवळ आला होता. शोभाच्या बांगड्या डोळ्यांपुढं आल्या. आणि माझा हात पिशवीत गेला.

बायको फाटकाशी काय म्हणाली होती, ते मला गाठ मारून झाल्यावर आठवलं. पण गाठ पक्की बसली होती, आणि अक्का वर येत होती. तिची पाठ त्या झाडाकडं राहील अशा बेतानं मी पुढं चालू लागलो. इतकी हुशारी मी आयुष्यात क्वचितच दाखवली आहे.

दुसरी सकाळ

वाटेवर धुकं होतं. कोळ्यांच्या जाळ्यांवर दव. अक्का पुढं, मी मागं. झेंडी लांबून दिसली तसा मला आनंद झाला. अक्का मात्र जागीच उभी राहिली. तिनं झाडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि धावतच खाली उतरली.

पळसाची पानं इकडंतिकडं उडालेली. मातीत बोटांएवढी भोकं. कितीतरी पावलं, अनवाणी, बायकांची. फुललेल्या तर नेल्याच होत्या, मिटलेल्याही ठेवल्या नव्हत्या. वारूळ एखाद्या उपसलेल्या पेटीसारखं उघडं पडलं होतं.

मला वाटलं आता ती बोलेल. तिनं झाडावरची गाठ सोडली, झेंडीची नीट घडी केली, कमरेला खोचली आणि परत फिरली. सगळी वाट मी "अक्का" एवढंच म्हणत होतो.

अंगणात आल्यावर ती गोऱ्ह्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बह्याड! अक्कल कुठी चराले गेली होती तुही? शिंगाले लाल फडकं बांधून सबन गावात नाचत होता काय? पोटाची पोरगी उपाशी पडली हाये तिकडे, आन् हा दवंडी पिटत फिरते!"

गोऱ्हा कडबा खात होता. मी ओसरीवर मान खाली घालून बसलो. मधेच त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला बिचाऱ्याला माझ्या वाट्याचं नेहमीच ऐकावं लागत असणार.

मग अक्कानं घागर उचलली आणि विहिरीवर गेली. पाणी भरायची ती वेळ; पाचसहा बायका होत्या. घागर खाली ठेवून ती कोणाकडंच न पाहता बोलली. तिच्या आवाजाला लांबी भरपूर आहे, मला ओसरीवर सगळं ऐकू आलं.

"ज्यायनं नेल्या त्यायनं खुशाल खाव्या. माहं काही म्हणनं नाही. पन माह्या शोभीले दिवस हायेत, आन् पोरीच्या पोटात पानी ठरून नाही राहिलं. तिले सात्याच पाहिजेत. उद्या लेकराची लाळ गळत राहिली, तं मले सांगाले येऊ नका कोणी."

डोहाळे अडवले तर होणाऱ्या बाळाची लाळ गळते, आणि अडवणाऱ्याला त्याचं पाप, अशी तिकडं समजूत आहे. आमच्याकडंही आहे, पण आमच्याकडं डोहाळतुलीला चांदण्यात बसवून फोटो काढला की ती भागते.

त्यानंतर जे झालं ते मी ओसरीवर बसून पाहिलं. एकेक बाई येऊ लागली. कोणी सात्यांचं नाव काढेना. एकीला सांबार हवा होता, म्हणजे आपली कोथिंबीर. दुसरीला ताकाला विरजण. तिसरी मांजर इकडं आलं का विचारायला आली. अक्का जिला तिला हवं ते देत होती, दोन शब्द बोलत होती. आणि प्रत्येक जणी जाताना पानाची एक पुडी कट्ट्यावर विसरून जात होती.

"अवं, तुही पुडी राहिली," असं अक्का एकदाही म्हणाली नाही.

दुपारपर्यंत टोपलीचा तळ झाकला गेला. पण निम्म्या मिटलेल्या, काही मोडलेल्या. एवढ्यानं शोभाच्या एका वेळेचं कसंबसं भागलं असतं.

"कौशी नाही आली," अक्का स्वतःशी म्हणाली.

कौसल्याबाई शेजारच्याच. मधल्या कुंपणावरून दोघींचं काही तरी बिनसलेलं, तेव्हापासून बोलणं नाही. सर्वांत आधी रानात जाणारी तीच. म्हणजे टोपलीही तिचीच भरलेली असणार. अक्का तिच्या दाराकडं बघायलाही तयार नव्हती. ती गोऱ्ह्याकडं वळली.

"काहून रे, तुले चार पाय देवानं कायले देले?"

मी माझे दोन घेऊन उठलो.

कौसल्याबाईंच्या ओसरीवर

सासुरवाडीच्या गावात जावई कोणाच्या दारी मागायला जात नाही. मी दुसरी एक रिकामी टोपली हातात घेऊन कुंपणाला वळसा घातला, तेव्हा तीन घरांतली कामं थांबली.

कौसल्याबाई सात्या निवडत बसल्या होत्या. एका सुपात मोठ्या फुललेल्या, तळहाताएवढ्या. चुलीवर काहीतरी शिजत होतं.

"या जवाई, बसा. मागाले आले ना?"

"हो."

"पयल्यांदा पाहून राहिली मी, जवाई मागाले आला. बसा, बसा. लाजू नका. आता लाजून काय होते?"

मी सगळं सांगितलं: शोभाचं, सोमवारचं, झेंडी माझी होती हेही. झेंडीचं ऐकून त्यांचा हात थांबला.

"तुमची होती थे?"

"घाम पुसायची."

"अरे बाप्पा!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसून झाल्यावर डोळे पुसले. "मांगच्या साली त्या टेकडीखाली मोजणीवाले आले. झाडायले असंच लाल फडकं बांधलं. दिवाळीले तिथी झाड नाही, टेकडी नाही, नुस्ता गड्डा. काल साजंला मी सरपणाले गेली तं अक्काच्या वारुळापाशी लाल दिसलं. म्हटलं, गेलं! आता अक्काचं वारूळबी खाणीत गेलं. घरोघर सांगितलं म्या. मशिनीखाली जाण्यापरीस पोटात गेलेल्या बऱ्या."

मी पहिल्या भागावर हसणार होतो, तेवढ्यात दुसरा माझ्या ध्यानात आला.

"अक्काचं वारूळ? म्हणजे तुम्हाला ती जागा माहीत होती?"

"माहीत नाही असं कोण हाये गावात? तिच्या आईपासून माहीत हाये. ह्या एवढ्या गावात काय लपते?"

"मग इतकी वर्षं कोणी तोडल्या नाहीत?"

"तिकडे पाहाचं नसते."

"काहून?" त्यांच्या बोलीतला हा शब्द माझ्या तोंडून प्रथमच निघाला असावा.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझ्या सासुरवाडीनं मुलगी कोणाच्या घरात दिली याचा त्यांना आता अंदाज येत होता. "काहून म्हंजे? तिचं हाये म्हणून."

मग त्यांनी सूप उचललं आणि सगळंच्या सगळं माझ्या टोपलीत ओतलं. एकच सात्या मागं ठेवली. "हे पाहाले ठेवते. आठवण."

चुलीवरच्या पातेल्यातून त्यांनी वाटीभर वाढलं. माझ्या ओठांवर "मला चालत नाही" आलं होतं. पण ज्या माणसानं गावातल्या सगळ्या बायकांच्या न पाहण्याची राख केली, त्यानं आता आपल्याला काय चालतं आणि काय नाही हे सांगत बसावं, याची मला लाज वाटली. मी खाल्लं.

चव सांगता येण्यासारखी नाही, तरी सांगतो. मऊ, पण दाताला धरून राहणारी. पहिल्या पावसाच्या नव्हे, शेवटच्या पावसाच्या मातीचा वास, त्यात लसूण आणि तिखट. आईनं ही चव आयुष्यभर अंगणाबाहेर ठेवली आणि मी तिच्यामागं तेच केलं. दोघांनीही न चाखता. वाटी रिकामी झाली तेव्हा कौसल्याबाईंनी आणखी वाढलं. त्यांच्यापुढंही मला पुरे म्हणण्याची सोय नव्हती.

मी उठलो तशा त्या म्हणाल्या, "जवाई, वारूळ आमाले माहीत होतं, हे तिले नका सांगू. हात जोडते."

परत आलो. अक्कानं टोपलीत पाहिलं, एक सात्या उचलून उन्हात धरली, परत ठेवली.

"काय म्हणे कौशी?"

"काही नाही. खाऊ घातलं."

"वारुळाचं काही बोलली?"

"नाही."

अक्कानं माझ्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. मग मान वळवून अंगणात म्हणाली, "गोऱ्ह्या, आता खोटंबी बोलाले शिकला काय रे?"

संध्याकाळी तिनं ताकाचा गडवा भरला आणि कुंपणावरून पलीकडं धरला. कोणी तरी तो घेतला.

पुन्हा अजनी

टोपली माझ्या एकट्याच्या हाती द्यायला अक्का तयार नव्हती. गोऱ्हा कौसल्याबाईंच्या अंगणात बांधून ती त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर शेवटच्या एसटीत बसली. वर ओलं फडकं, त्याखाली पळसाची पानं, आणि नागपूर येईपर्यंत मला टोपलीला हात लावू दिला नाही.

घरी पोचलो. बायकोनं टोपली पाहिली आणि सवयीनं मागच्या अंगणातली शेगडी झटकायला गेली.

"काहून वं सुमे?" अक्कानं विचारलं. "घरात चूल नाही काय?"

बायको माझ्याकडं पाहू लागली. भिंतीवर आईचा फोटो आहे. मी तिकडं पाहिलं नाही. शेगडी तिच्या हातातून घेतली आणि कोपऱ्यात ठेवून दिली. "आतच करा," म्हणालो.

अक्कानं केल्या. फक्त लसूण, मीठ, तिखट आणि त्यांचंच सुटलेलं पाणी. वास घरभर गेला. आम्ही सगळे मोरीच्या दाराकडं पाहत होतो. शोभा उठून बसली. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बायकोनं पदराचं टोक मुठीत धरलं. दुसरा घास. तिसरा. भाताबरोबर, मग भाताशिवाय. तिनं वाटी बोटानं निपटली आणि पाणी प्यायली.

बाहेर यार्डात शंटिंग चाललं होतं. डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज येत होते. शोभा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या तोंडाला रंग आला होता का, की मलाच तसं वाटत होतं? बराच वेळ गेला. मोरीकडं कोणी धावलं नाही.

"मावशी, अजून आहेत?" तिनं विचारलं.

बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्यामागं गेलो, तर मला म्हणाली, "जा, तिला वाढा." मी वाढलं.

दुसरी वाटी झाल्यावर अक्का शोभाच्या खाटेवर सरकून बसली. तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मोहापाशचं वारूळ आता सबन गावाचं झालं, पोरी. जाऊ दे. पन तुह्या आजीनं मले दोन दाखवले होते."

"दुसरं कुठं आहे?" शोभानं विचारलं.

"अवं, लेकरू घेऊन येजो. दाखवते. पन आताच सांगून ठेवते, मरणाचा काय भरवसा. नाल्याच्या वरच्या अंगाले..."

मी पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्तानं जरा जवळ सरकलो.

अक्का थांबली. तिनं खोलीत इकडंतिकडं पाहिलं, दाराबाहेर पाहिलं. रेल्वे क्वार्टरात गोऱ्हा नसतो. मग तिनं कमरेची घडी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"जवाईबापू, उठा. बाहेर जाऊन बसा. आन् हे तुमचं लाल फडकं घेऊन जा, नाही तं हिच्या खाटेलेच बांधसान."